मुनीरच्या दारावरचा नियम

शुक्रवारी फोन वाजला की मुनीर आधी मास्क घालतो, मग फोन उचलतो.

साथ संपून किती दिवस झाले. आमच्या गल्लीतले मास्क केव्हाच दुसऱ्या कामाला लागले. कुणी त्यांची फडकी केली, कुणी त्यांच्या दोऱ्या काढून पडद्याला बांधल्या. मी एक करडाच्या तोंडाला बांधला, म्हणजे ते चोरून शेळीला पीत नाही. मुनीरचा मास्क मात्र अजून दुकानात खिळ्याला आहे. निळा, धुतलेला. फोन वाजला की तो हातातलं काम खाली ठेवतो, बोटं पुसतो, मास्क घालतो, नाकावर चिमटा दाबतो आणि मग "हां, बोल" म्हणतो. दुकानात आलेलं नवं गिऱ्हाईक हसून विचारतं, "चाचा, फोनमधून पण येतो का रोग?" मुनीर फोनमध्येच बोलत राहतो. मला उत्तर माहीत आहे.

मी गयाबाई. धारूरला किल्ल्याकडं जाणाऱ्या वाटेवर आमची गल्ली. माझ्याकडं पाच शेळ्या आहेत आणि चौथीपर्यंतचं शिक्षण आहे. दोन्हींवर माझं भागतं. मुनीरचं दुकान माझ्या दारासमोर. शेतातल्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडं येतात. जुनी तार उपसून तो नवी तांब्याची तार भरतो. त्याला वायंडिंग म्हणतात. काम बसून करायचं असलं तरी जीव खाणारं आहे, कारण तारेचे फेरे मोजावे लागतात. मुनीर मोजत असला की त्याच्याशी बोलायचं नाही. मी एकदा मध्येच "चहा घेतोस का?" विचारलं, तर त्यानं भरलेली सगळी तार उकलली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"एक फेरा कमी पडला की मोटार जळती, अक्का," तो म्हणाला. "गलती की गुंजाइश न्हाई."

हे वाक्य त्यानं मोटारीपुरतं ठेवलं असतं तर बरं होतं. दाराला कुलूप लावलं की तो तीनदा ओढून बघतो, चार पावलं जातो आणि परत येऊन तीनदा ओढतो. कालवणात मीठ टाकलं की नाही, हे आठवेना म्हणून त्यानं एकदा सबंध भांडं माझ्याकडं चाखायला आणलं. मीठ दोनदा पडलं होतं. बायको होती तोवर ती त्याला दंडाला धरून कुलपापासून लांब न्यायची. ती गेल्यावर पोरगा आसिफ ते काम करायचा. मग आसिफ बापाच्या हाताखाली वायंडिंग शिकला, मुंबईला गेला आणि जहाजावर लागला.

हे जहाज माल नेणारं नाही. लोक हौसेनं फिरायला जातात ते. आत म्हणे नाटकाचं थिएटर आहे, पोहायचा हौद आहे, चार ठिकाणी जेवायची सोय आहे. मुंबईहून निघायचं, समुद्रात हिंडायचं आणि परत मुंबईलाच उतरायचं.

मी विचारलं, "म्हंजी ते कुठं जातच न्हाई?"

"जायाला नसतंय ते अक्का, ऱ्हायाला असतंय," मुनीर म्हणाला. "लई मोटारी हायत त्यात. पंख्याच्या, पाण्याच्या, गार हवेच्या. सगळ्या माझ्या पोराच्या हाताखाली."

सगळ्या नव्हत्या हे मला नंतर कळलं, पण तेव्हा मी काही बोलले नाही. एखाद्याला पोराबद्दल चार मोटारी जास्त सांगायच्या असल्या तर सांगू द्याव्यात.

साथ आली आणि ते जहाज समुद्रात उभं राहिलं. प्रवासी उतरले, कामगार वरच. पुढं प्रवासी पुन्हा घ्यायला लागले, तरी कामगारांनी खाली पाय ठेवायचा नाही हा नियम तसाच राहिला. खालून रोग वर जाईल म्हणून. आसिफ मुंबईच्या धक्क्याला लागलेल्या जहाजात असायचा आणि त्याला मुंबई खिडकीतून दिसायची. मग कंपनीनं थोडी सोय केली. कामगारानं उतरायचं नाही, पण त्याच्या घरचं एक माणूस दुपारी चार तास वर येऊ शकतं. प्रवाशांना जे नियम आहेत ते सगळे पाळून.

तेव्हापासून मुनीरला नियमांनी धरलं.

दुकानाचं दार फळ्यांचं आहे, काळ्या रंगाचं. आसिफचा फोन झाला की मुनीर खडू घ्यायचा आणि दारावर मोठ्या अक्षरात 'आजचा नियम' असं लिहून खाली नियम लिहायचा. पाठ राहत नाही म्हणायचा, आणि कागद हरवतो. दार हरवत नाही. पुन्हा फोन यायचा, तो ओल्या फडक्यानं दार पुसायचा आणि मला हाक मारायचा.

"नियम बदलला, अक्का!"

हाक अशी मारायचा की घरात कुणी तरी पडलंय असं वाटावं. कधी मास्क सगळीकडं लागायचा, कधी फक्त आत. कधी लसीच्या सुईचा एक डोस पुरायचा, मग दोन लागायला लागले, मग दोन घेऊन वर चौदा दिवस गेलेले असायला पाहिजे असं आलं. मुनीर प्रत्येक नियम बोटांवर मोजायचा आणि प्रत्येक वेळी त्याचं एक बोट कमी पडायचं.

आता यात घोटाळा असा झाला की आमची गल्ली वाचते. सगळी नाही, पण जे वाचतात ते न वाचणाऱ्यांना सांगतात. सरकारचे नियम रोज बदलत होते, कुणाला काही कळत नव्हतं, आणि मुनीरच्या दारावर ते सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. खाली कुठंही 'जहाज' हा शब्द नव्हता. त्यामुळं आमची सगळी गल्ली पंधरा दिवस जहाजाचे नियम पाळत होती.

'उघड्या डेकवर मास्क नको, आत मास्क पाहिजे,' असं एकदा आलं. डेक म्हणजे जहाजाची गच्ची, हे गल्लीला कुठलं माहीत? शेजारची सरूबाई घरात चुलीपुढं मास्क घालून भाकरी थापायची आणि बाजारात जाताना काढून ठेवायची. 'पाण्यात उतरताना सहा फूट अंतर ठेवावे' हा नियम हौदासाठी होता. आमच्याकडं हौद कुठला, टँकर येतो. बाया टँकरपुढं सहा सहा फुटांवर घागरी ठेवून उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा टँकरवर भांडण झालं नाही. 'जेवण हाताने घेऊ नये, वाढप्याने वाढावे' हे वाचून कोपऱ्यावरच्या घरात सासऱ्यानं सुनेला सांगितलं, "आता मी हातानं घेत न्हाई, नियम हाय." तो आधीही घेत नव्हता.

शेवटी आशाताई आली, आमच्या भागात सरकारकडून आरोग्याचं बघणारी. सरूबाईला घरात मास्क आणि दारात बिनमास्क बघून तिनं डोक्याला हात लावला.

"हे उलटं कुणी शिकवलं तुमाला?"

सगळ्यांनी दाराकडं बोट केलं. आशाताईनं दार वाचलं.

"मुनीरचाचा, हे डेक डेक काय लिहिलंय? धारूरला कुठाय डेक?"

मुनीर घाबरला. "ताई, मी कुठं म्हनलो सगळ्यांसाठी हाय? माझ्या दारावर माझा नियम लिवला. गल्लीनं वाचला कावून?"

त्या दिवशी त्यानं दारावर मधोमध रेघ मारली. डावीकडं 'जहाजाचा नियम', उजवीकडं 'धारूरचा नियम'. उजवीकडचा आशाताईला विचारून लिहायचा. सरूबाई मात्र पुढं कितीतरी दिवस डावीकडचाच पाळत होती. तिला तो बरा वाटायचा.

सुई शाळेत आली तेव्हा लोक भीत होते. मुनीर रांगेत पहिला. म्हाताऱ्यांना आधी द्यायची होती आणि मुनीर कागदावर म्हातारा होता. त्याचं कारण असं. आधार कार्ड काढायला लोक आले होते तेव्हा मुनीरनं वय सहा वर्षांनी वाढवून सांगितलं. एसटीत म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट असतं, आपण लवकर म्हातारं झालेलं बरं, असा त्याचा हिशेब. आमच्याकडं हे बऱ्याच जणांनी केलंय. काही जण तर स्वतःच्या थोरल्या भावापेक्षा म्हातारे आहेत. सुई घेऊन मुनीर घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन दंड दाखवत फिरला. "बघा, जिता हाय. चला." निम्मी गल्ली त्यानंच रांगेत नेली.

या सगळ्या दिवसांत त्याच्या काही सवयी बदलल्या, त्या आम्ही नियमांच्या खात्यावर टाकल्या. आधी तो काम करताना शीळ घालायचा. ती बंद झाली. मोटारीतली धूळ तोंडानं फुंकायचा, तिथं आता सायकलचा पंप आणला. चहा प्यायचा तो भिंतीकडं तोंड करून. मास्क घरात, दारात, न्हाणीघराबाहेर, कुठंही निघत नव्हता. वर डावा डोळा सारखा पाण्यानं भरलेला. मला वाटलं पोराच्या आठवणीनं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "मुनीर, रडायचं तर एकदा नीट रडून घे. थेंब थेंब काय गाळतोस?" तो म्हणाला, "वार्निशचा वास लागतो, अक्का."

दोन डोस झाले, चौदा दिवस दारावर एक एक रेघ मारून मोजले. मग नियम आला की नाकातली तपासणी पाहिजे, आणि तिचा रिपोर्ट दोन दिवसांच्या आतला पाहिजे. मुनीरची झोप गेली. तपासणी अंबाजोगाईला. रिपोर्ट यायला एक दिवस, मुंबई गाठायला दुसरा. दुपारी केलेली भाकरी संध्याकाळी शिळी व्हावी तसा रिपोर्ट वाटेतच शिळा होत होता. तरी तो गेला. जहाज चार तास उशिरा लागलं. गेटवरच्या माणसानं रिपोर्टवरची वेळ बघितली आणि सांगितलं, "हा संपला."

परत आल्यावर मी विचारलं, "मग काय केलंस?"

"लांबून जहाज बघितलं. लई मोठं हाय, अक्का. धारूरच्या किल्ल्यासारखं, फक्त धुतलेलं. वर बारीक बारीक मानसं दिसत होती. त्यात आसिफ कोनता कळेना. मग मी सगळ्यांनाच हात केला."

"मग?"

"लई जनांनी हात केला परत. त्यातला एक असंल."

तपासणीचा नियम पुढं रद्द झाला. मुनीर जरा सावरला. आणि एका सकाळी मला ती हाक ऐकू आली. बाहेर जाऊन बघते तर तो दारापुढं खडू घेऊन उकिडवा बसलेला. डाव्या बाजूला लिहिलं होतं: 'पासष्टच्या वरचे नकोत.'

मुनीर खरा साठ-एकसष्टचा. कागदावर सदुसष्टचा.

"अर्ध्या तिकिटानं मारलं," तो म्हणाला. "सहा वर्षं फुकटची घेतली, अक्का. आता परत कोन घेनार?"

त्याचं वय कमी करायचं तर जन्माचा पुरावा पाहिजे होता. जन्माचा दाखला कुणाकडं असतो? पण शाळेचं रजिस्टर असतं. मुनीर पहिलीत आला तेव्हा मी चौथीत होते, त्याच शाळेत. मला तो दिवस आठवतो, कारण त्याला गुरुजींपुढं मीच उभं केलं होतं. तेव्हा वय विचारत नसत. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला तर पोरगं सहा वर्षांचं. मुनीरचा हात कानाच्या वर दोन बोटं अडकला. गुरुजी म्हणाले, "जरा मान वाकव रे." त्यानं मान वाकवली, कान लागला आणि गुरुजींनी एक जून ही तारीख लिहून टाकली. आमच्या शाळेतली सगळी पोरं एक जूनला जन्मलेली आहेत.

म्हणजे खरं वय त्याला आयुष्यात कधी मिळालंच नाही. आधी शाळेनं वाढवलं, मग त्यानं.

आम्ही दोघं शाळेत गेलो. हेडबाईंनी जुनं कपाट उघडून दिलं आणि नाकाला पदर लावून बाहेर जाऊन बसल्या. धुळीत बसून मी रजिस्टरं चाळली. मुनीर शेजारी पंप घेऊन धूळ उडवत होता, ती सगळी माझ्या तोंडावर येत होती. दुपारपर्यंत त्याचं नाव सापडलं. हेडबाईंनी दाखला लिहून दिला. मुनीरनं तो तीनदा वाचला, घडी घातली, उघडला आणि पुन्हा तीनदा वाचला.

तिथून तसेच आम्ही आधार केंद्रात गेलो. तिथली मुलगी चांगली होती. दाखला बघून म्हणाली, "होईल काका. बसा. मास्क काढा, फोटो घ्यायचाय."

"जुना फोटो ऱ्हाऊ द्या."

"नवाच लागतो. दोन मिनिटं काढा."

"मास्क काढायचा न्हाई असा नियम हाय."

"फोटोपुरता चालतो, काका."

"रोगाला कळतं का फोटो चाललाय म्हनून?"

मुलगी हसली. मुनीर हसला नाही. तो उठला, दाखला खिशात घातला आणि चालू लागला. मी मागून ओरडले. रांगेतले लोक बघायला लागले. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

मी संतापले होते. केसांत धूळ, दातांत धूळ, आणि हा माणूस फोटोसाठी अडून बसला. संध्याकाळी मी चहा करून त्याच्या दुकानात गेले. त्यानं कप घेतला, सवयीनं भिंतीकडं तोंड केलं आणि मास्क खाली ओढला. मी माझा कप घेऊन उठले, भिंतीला टेकवलेली मोटार पायानं सरकवली आणि त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन बसले.

त्याला वळायला वेळ मिळाला नाही.

तोंडाची डावी बाजू खाली आली होती. ओलं कापड दोरीवर एका टोकाला टांगावं तशी. ओठाच्या त्या कोपऱ्यातून चहा हनुवटीवर उतरत होता. त्यानं तो मास्कनं पुसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"साथीच्या पहिल्या दिवाळीपासून. सकाळी गुळनी केली, पानी एकाच बाजूनं गेलं."

"दवाखान्यात दाखवलं?"

"गेलतो अंबाजोगाईला. नस धरली म्हनले. गोळ्या दिल्या, तोंडाचा व्यायाम दिला. थोडं आलं. बाकीचं ऱ्हायलं."

"मग झाकून कावून ठेवलं? तू काय नवरी हायस?"

तो कपात बघत राहिला. "गल्ली सुईचं नाव घेतली असती, अक्का. हे सुईच्या आधीचं हाय, पर कोन ऐकतंय? मीच नेलतो सगळ्यांना रांगेत." मग जरा थांबून म्हणाला, "आन आसिफ. त्यानं बघितलं तर सगळं टाकून येईल. मधूनच उतरला तर परत घेत न्हाईत तिथं. फोनवर मास्कमधी बरा दिसतो मी. त्याला सांगितलंय, धारूरला लई कडक हाय, घरात एकटं असलं तरी मास्क लागतो."

"आन त्याला पटलं?"

"मी सांगितलेलं त्याला पटतं."

म्हणजे इकडं धारूर जहाजाचे नियम पाळत होतं आणि तिकडं जहाजावर धारूरचा असा नियम पोचला होता जो धारूरला माहीतच नव्हता.

"आता तिथं गेल्यावर काय करनार?"

"तिथं आत मास्क लागतोच की," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात धीर वाटला. "डावीकडं लिवलंय बघा. चार तास मास्कमधी बसतो, बोलतो, येतो."

दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा केंद्रात नेलं. फोटोच्या वेळी मी रांगेतल्या लोकांपुढं पदर पसरून उभी राहिले. मुलगी म्हणाली, "काका, सरळ बघा." तो म्हणाला, "सरळच बघतोय, बेटा." ती पुढं काही बोलली नाही. मी म्हटलं ना, चांगली होती.

मुनीर एकसष्ट वर्षांचा झाला आणि त्याचं अर्धं तिकीट गेलं. आठच दिवसांनी हाक आली, "नियम बदलला, अक्का!" वयाची अट काढून टाकली होती. मी खूप हसले. तोही एका बाजूनं हसला, मास्कच्या आत.

जायची तारीख ठरली. त्यानं पिशवी भरली. आसिफसाठी शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या कडक भाकरी आणि वायंडिंगचा जुना लाकडी साचा, ज्यावर आसिफ शिकला होता. साचा कशाला विचारलं, तर म्हणे तिथला बरोबर नसंल. निघायच्या आदल्या सकाळी फोन आला. मी शेळ्यांना पाला टाकत होते. फोन संपला. मी हाकेची वाट बघितली. हाक आली नाही. दुपारपर्यंत दारावरची डावी बाजू पुसलेली आणि कोरी.

मी आत गेले. तो स्टुलावर बसला होता. पिशवी रिकामी करून भाकरी पुन्हा डब्यात ठेवल्या होत्या.

"काय म्हनला?"

"मास्क गेला, अक्का." कुणी गेल्याचं सांगावं तसा म्हणाला. "वर कुनीच घालत न्हाई आता. म्हनला, अब्बा, आता सगळ्यांचे चेहरे दिसतात. लई खूश हाय."

"मग लिही की दारावर."

"ऱ्हाऊ द्या. मी कळवतो, ताप आलाय म्हनून. पुढच्या बारीला बघू."

"पुढच्या बारीला तोंड सरळ होनार हाय का?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. दोन वर्षं या माणसानं जगाच्या प्रत्येक नियमाची धास्ती घेतली होती. सगळी दुनिया मास्क कधी जातो याची वाट बघत होती आणि हा एकटा तो जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसला होता, हे मला तेव्हा नीट कळलं.

मी कोनाड्यातला खडू घेतला. माझं अक्षर चौथीत राहिलंय, त्यामुळं वेळ लागला. डावीकडं लिहिलं, 'मास्क नको.' उजवीकडं लिहिलं, 'उद्या निघायचं.'

मुनीर दारात येऊन वाचायला लागला. "हा धारूरचा नियम कोनी काढला?"

"मी."

"आन त्यानं बघितलं तर?"

"त्यानं तोंड बघायलाच बोलवलंय. जसं हाय तसं न्यायचं. भाकरी परत पिशवीत घाल."

सकाळी त्यानं कुलूप तीनदा ओढलं, चार पावलं गेला, परत आला. मी रस्ता ओलांडून गेले, कुलपाला लटकले आणि ओरडले, "लागलंय! जा!" तो गेला. चौथ्या दिवशी परत आला. मास्क तोंडावरच होता, म्हणून मला काही कळेना. दोन दिवस त्यानं काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी कॉइल भरता भरता आपणच बोलायला लागला. मोजताना बोलताना मी त्याला तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

गेटवरच्या माणसानं त्याला सांगितलं होतं, "चाचा, अब नहीं लगता." हा म्हणाला, "मला लागतो," आणि तसाच वर गेला. जिन्याच्या वरच्या टोकाला आसिफ उभा. वाळलेला, मिशी ठेवलेला. गळ्यात पडला. मग त्यानं बापाला खाली मोटारींकडं नेलं, सगळ्या चालू करून आवाज ऐकवले. एका मोटारीचा आवाज मुनीरला खटकला आणि तो खरंच बिघाड निघाला, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. तिथंच, मोटारींच्या गोंगाटात, आसिफ म्हणाला, "अब्बा, नियम बदल गया. निकालो."

"धारूरला हाय अजून," मुनीर म्हणाला.

आसिफनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अब्बा, आँख तो मास्क के बाहर थी. बायीं वाली मिचती नै. पहले दिन से देख रहा मैं."

मुनीरचा हात तारेवर थांबला होता. "दीड वर्ष, अक्का. दर शुक्रवारी व्हिडिओवर बोललो. मी म्हनायचो धारूरला लई कडक हाय, तो म्हनायचा हां अब्बा, संभालके. आन त्याला पहिल्या दिवशीच दिसलं होतं."

"मग बोलला न्हाई कावून?"

"मी पन तेच विचारलो. तो म्हनला, आपने नियम बनाया था. मैंने पाला." मुनीरनं बाहीनं डोळा पुसला. डावा नाही, उजवा. "मग त्यानंच काढला मास्क. कानामागची दोरी सोडवली. घाई केली न्हाई."

त्यानं हातातल्या कॉइलकडं बघितलं. फेरे मोजायचे राहून गेले होते. त्यानं सगळी तार उकलली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. मी उठून घरी आले. शेळ्या ओरडत होत्या.

मुनीर आता गल्लीत मास्क घालत नाही. पहिल्या दिवशी लोकांनी बघितलं, सरूबाईनं "आगं माय" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. चहाही तो आता रस्त्याकडं तोंड करून पितो, सांडतो आणि पुसतो. दारावरची मधली रेघ अजून आहे. दोन्ही बाजू कोऱ्या.

पण शुक्रवारी फोन वाजतो. मुनीर हातातलं काम खाली ठेवतो, बोटं पुसतो, खिळ्यावरचा मास्क घालतो, नाकावर चिमटा दाबतो आणि फोन समोर धरतो. माझ्या ओट्यावर आवाज येतो.

"अब्बा, नियम बदल गया. निकालो."

"बदलला का?" मुनीर विचारतो. दर शुक्रवारी विचारतो.

"हां अब्बा. बदल गया."

मग तो मास्क काढतो, पुन्हा खिळ्याला अडकवतो आणि पडणार नाही ना म्हणून तीनदा ओढून बघतो.